डांगराच्या फुलांची भजी

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संजनाने एक साधा प्रश्न टाकला. ती समोरच्या रो-हाउसमध्ये नवीन राहायला आली आहे. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे लाल भोपळा लावावा का, वेल फार पसरतो म्हणतात, असं तिचं विचारणं. लगेच चौघांनी उत्तर दिलं की बोरस्ते मॅडमना विचारा, त्या सायन्सच्या टीचर होत्या, शिवाय माहेर सायखेड्याचं, शेतीतलं.

बोरस्ते मॅडम म्हणजे मी. तीन वेळा उत्तर टाइप केलं आणि तीन वेळा पुसलं. भोपळ्याला आम्ही डांगर म्हणतो, आणि डांगराविषयी बोलायला मला तोंड राहिलेलं नाही. का ते सांगायचं तर आधी भागीबाई कोण ते सांगावं लागेल. ही तिचीच गोष्ट आहे. मी तिच्यात आहे, पण जिथे जिथे आहे तिथे मला माझी लाज वाटते.

भागीबाई आमच्याकडे अकरा वर्षांपासून धुणंभांडी करते. पेठच्या पलीकडे डोंगरात तिचा पाडा आहे. लग्न झालं, आठ वर्षं मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, आणि ही एक पिशवी घेऊन घराबाहेर पडली. ही सगळी हकीकत तिने मला एकदाच, कपडे पिळता पिळता सांगितली. मध्येच साबण संपल्याचंही सांगितलं, आणि दोन्हीचा सूर एकच होता. दिंडोरीकडे एका बियाण्याच्या प्लॉटवर तिने दोन हंगाम काम केलं. तिथे बायकांना फुलं लावायचं काम असतं, म्हणजे एका फुलातली भुकटी दुसऱ्या फुलाला हाताने लावायची आणि लावलेल्या फुलाला खूण करायची. मग ती नाशिकला आली आणि चार घरांची कामं धरली. वडाळ्याच्या बाजूला तिची पत्र्याची खोली आहे. तिथून रोज द्वारका सर्कलची सगळी रहदारी ओलांडून ती पायी येते. रिक्षात बसलं की तिला मळमळतं म्हणे. मला वाटतं, रिक्षाचे पैसे तिला जड जातात आणि मळमळ तिने शोधून काढली आहे. मी कधी खोदून विचारलं नाही.

बारीक, काटक, हसताना तोंडावर पदर धरणारी. वाचता येत नाही, पण आमच्या गॅसच्या पुस्तकावरची तारीख चुकलेली तिने एकदा ओळखली होती, नुसत्या आकड्यांच्या आकारावरून. काम करताना बोलत नाही. दुपारी एक वाजता मात्र आमच्या परसात, धुण्याच्या दगडावर, भिंतीला पाठ लावून ती भाकरी खायची. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ती कुणाची कामवाली नसायची. परसात तिने मिरची लावली, अळू लावलं, कढीपत्ता जगवला. मी विकत आणलेली शोभेची झाडं एकामागून एक मेली, तेव्हा तिने बिचाऱ्यांच्या कुंड्यांत कोथिंबीर पेरली. जागा माझी होती, पण परस तिचं होतं, आणि ते मला आवडत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी काय केलं ते यामुळे जास्तच वाईट दिसतं.

मागच्या वर्षी जूनच्या शेवटी भागीबाईने पदराची गाठ सोडून माझ्यापुढे सात बिया धरल्या. तिच्या आईच्या हाताचं डांगर. पाड्यावर दरवर्षी त्यांच्या घरावर या डांगराचा वेल चढायचा, आई थोडं बी राखेत घालून ठेवायची, पुढच्या वर्षी तेच लावायची. आई गेली. भावाने घर स्लॅबचं केलं आणि भोवती आंबा-काजूची कलमं लावली. वेलाला आता जागा नाही. हे सात दाणे चार वर्षांचे जुने. यंदा मातीत गेले नाहीत तर पुढच्या वर्षी उगवायचे नाहीत, मग आईचं डांगर संपलं. भागीबाईच्या खोलीपुढे मातीच नाही, गटार आहे.

मी आधी नाही म्हणाले. वेल सगळीकडे जाईल, डास होतील, पाण्याची मोटर सारखी चालवावी लागेल. खरं कारण वेगळंच होतं. लोकांच्या बागेत गुलाब, जास्वंद असतं, आमच्या बागेत डांगर दिसलं तर सायखेड्याची माणसं सायखेड्याचीच राहिली असं कुणी म्हणेल, ही भीती. चाळीस वर्षं शहरात काढूनही ती गेली नाही. आमचे हे, म्हणजे शेखर, पेपरातून डोकं न काढता म्हणाले की लावू दे तिला, तुझ्या त्या शोभेच्या झाडांपेक्षा खाता तरी येईल. मग मी हो म्हटलं. हो म्हणताना आवाजात उपकार होता, तोही आठवतो.

सातांतल्या दोनच बिया उगवल्या. एक रोप पहिल्याच आठवड्यात गोगलगायीने खाल्लं. राहिलेलं एक भागीबाईने पोटच्या पोरासारखं जपलं. राख टाकली, शेणखत कुठून तरी पिशवीतून आणलं, भिंतीला सुतळ्या ताणून दिल्या. श्रावणात वेलाने सगळी भिंत झाकली आणि पिवळीधमक फुलं उमलायला लागली.

आणि ती फुलं मी खाल्ली.

सायखेड्याला माझी आई डांगराच्या फुलांची भजी करायची. बेसनात ओवा, तिखट, मीठ, थोडं तांदळाचं पीठ. फूल उलटं धरायचं, आतली पिवळी काडी खुडून टाकायची, कारण ती कडू लागते, मग पिठात बुडवून तेलात सोडायचं. चाळीस वर्षांनी ती चव माझ्या स्वयंपाकघरात आली. शेखरना पहिल्या दिवशी सहा भजी पुरली, दुसऱ्या दिवशी दहा. मग रोजचाच क्रम झाला. सकाळी सहाला मी ताटली घेऊन परसात जायचे आणि लांब देठाची जेवढी फुलं उमलली असतील तेवढी खुडून आणायचे. ज्या फुलांच्या मागे इवलंसं डांगर चिकटलेलं असतं ती तेवढी ठेवायचे. फळ लागणार ते तिथेच, एवढं मला कळत होतं. लांब देठाच्या फुलांना फळ लागत नाही, मग ती वेलावर ठेवून करायची काय, असा माझा हिशेब.

भागीबाई यायची नऊला. तोवर वेल रिकामा आणि फुलं आमच्या पोटात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, समदी फुलं नका खुडू. थोडी ऱ्हाऊ द्या वेलावर."

मी हसले. म्हटलं, "भागीबाई, मला शिकवू नकोस. बत्तीस वर्षं मी शाळेत हेच शिकवलंय."

ती भांडी घासायला बसली.

आता कुणी म्हणेल, विज्ञानाची शिक्षिका, आणि हे कळू नये? कळत होतं. नववीच्या वर्गात फळ्यावर मी दरवर्षी ती आकृती काढायचे. लांब देठाच्या नर फुलातले पराग मादी फुलावर जातात तेव्हा फळ धरतं. परागांसाठी पिवळा खडू मी खास जपून ठेवलेला असायचा. पण पुस्तकातलं पुस्तकात राहिलं आणि स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात. फळा आणि कढई यांचा संबंध माझ्या डोक्यात कधी जुळलाच नाही. जुळवायची गरजही वाटली नाही, भजी चांगली होत होती.

गणपती बसायच्या सुमारास पहिलं डांगर धरल्यासारखं झालं. लिंबाएवढं. मग पिवळं पडलं, मऊ झालं आणि गळलं. दुसरं तसंच. तिसरं, चौथं. भागीबाई दुपारी भाकरी हातात धरून त्या गळलेल्या फळाकडे बघत बसायची आणि भाकरी अर्धी परत बांधून न्यायची. चार वर्षांचं जुनं बी, त्यातला एकच वेल, आणि त्याला फळ टिकेना. पिकलेलं एक तरी डांगर हाती आलं नाही तर बी मिळणार नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

पाचवं फळ गळलं त्या दिवशी शेजारच्या मंगलाबाई भिंतीपलीकडून डोकावल्या. मंगलाबाई माणूस वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण कुणातरी माणसात सापडतं. कोवळ्या फळाला कुणीतरी बोट दाखवलं असणार, त्या म्हणाल्या. हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणी ऐकलंय. डांगराच्या कळीला सरळ बोट दाखवलं की ती सडते, दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं. मी म्हटलं, असं काही नसतं. मग त्यांनी आवाज खाली घेतला आणि म्हणाल्या, तुमच्या बाईला मूलबाळ नाही ना, दिवसभर तिचाच हात वेलाला, मग काय होणार, मीनाताई.

या क्षणी मी काय बोलायला हवं होतं ते मला नीट ठाऊक आहे. अंधश्रद्धा या विषयावर मी शाळेत भाषणं केली आहेत, मुलींकडून पोस्टर रंगवून घेतली आहेत. मी मंगलाबाईंना तेव्हाच्या तेव्हा गप्प करायला हवं होतं. मी गप्प बसले. आणि ते बोलणं घरात घेऊन आले, दळण आणावं तसं.

माझा त्यावर विश्वास होता का? नव्हता. खरंच नव्हता. विश्वास असता तर एक वेळ अडाणी होते म्हणून सुटले असते. मला फक्त राग आला होता. भजी खाऊन झाली, आता फळही पाहिजे होतं, ते मिळत नव्हतं, आणि राग काढायला समोर एक माणूस होतं जे उलट बोलणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भागीबाई आली तेव्हा मी तिला दारातच थांबवलं. म्हटलं, "उद्यापासून परसात जाऊ नकोस. भांडी आत मोरीत घास, भाकरी पुढच्या पायरीवर खा."

"काय चुकलं का, बाई?"

"चुकलं असं नाही. पण मूलबाळ नसलेल्या बाईचा हात कोवळ्या फळाला लागू नये म्हणतात. लोक म्हणतात."

लोक म्हणतात. हे दोन शब्द मी ढाल म्हणून पुढे धरले. लोक म्हणजे एक मंगलाबाई, आणि दुसरी मी.

भागीबाई माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण असं बोलणं तिने बहुतेक खूप वेळा ऐकलं असावं, कारण तिला नवल वाटलं नाही. तिला नवल वाटलं नाही, हे मला अजूनही सलतं. ती परसात गेली, दगडाजवळ ठेवलेला तिचा पाण्याचा तांब्या आणि फडकं उचलून आणलं, आणि जाताना एवढंच विचारलं, "पाणी घालताल ना रोज?"

मी म्हटलं, घालीन.

त्या दिवसापासून ती पुढच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, पाठ रस्त्याकडे करून भाकरी खायला लागली. दहा मिनिटांत उरकायची. शेखरनी विचारलं, भागीबाई पुढे का बसते, तर मी सांगितलं की परसात चिखल झालाय. त्यांनी मान हलवली. सकाळची भजी चालूच होती.

मग सप्टेंबरात वणीहून फोन आला. माझी थोरली बहीण सरिताताई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याला मार लागला. आम्ही दोघं गाडी काढून निघालो. भागीबाईला पाच दिवस सुट्टी दिली, किल्ली मंगलाबाईंकडे ठेवली आणि वेलाला पाणी घालायला त्यांनाच सांगितलं. वणीत पाचही दिवस पाऊस लागून राहिला होता. देवीच्या गडाकडे चाललेल्या भाविकांची दारावरून ये-जा, घरात बहिणीचं कण्हणं. डांगर मी विसरूनच गेले.

परत आलो तेव्हा वेलाच्या मधोमध, पानाखाली, लिंबाहून जरा मोठं डांगर होतं. पिवळं नव्हतं, हिरवंगार, घट्ट, लव असलेलं. त्याच्या देठाला लाल दोरा बांधलेला होता.

मला वाटलं, मंगलाबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून बांधला. त्यांना विचारलंही नाही, एवढी मला खात्री. उलट दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपाशी उभी राहून त्यांना म्हटलं की बघा, तुम्ही म्हणालात तेच खरं, तिचं जाणं बंद केलं आणि फळ धरलं. मंगलाबाई समाधानाने हसल्या. मी वळले तर मागे, मोरीच्या दारात, भागीबाई हातात पातेलं घेऊन उभी होती. पातेल्यातून पाणी गळत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. मी काय केलं? मी म्हटलं, पातेलं पुसून ठेव.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा सहाला ताटली घेऊन परसात. त्यानंतरच्या आठ दिवसांत आणखी तीन मादी फुलं उमलली, तिन्हींमागची फळं पिवळी पडून गळली. आता भागीबाई परसात फिरकत नव्हती. बोट दाखवायलाही कुणी नव्हतं. टिकलं होतं ते फक्त दोऱ्याचं डांगर, आम्ही वणीला असताना धरलेलं.

एका सकाळी मी सिंकपाशी उभी राहून फुलांतल्या काड्या खुडत होते. नळ सोडला, हात धुवायला घेतले, आणि बोटांकडे लक्ष गेलं. दोन्ही हातांची बोटं पिवळी झाली होती. पिवळ्या खडूने आकृती काढल्यावर व्हायची तशीच. सिंकच्या जाळीत परागाच्या काड्यांचा छोटा ढीग साचला होता. महिनाभर रोज मी तो ढीग पाण्याने ढकलून दिला होता.

मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले. पाच दिवस मी नव्हते, तर फळ धरलं. मी आले, फळं गळली. शाळेत एखाद्या मुलीने एवढा सरळ प्रयोग मांडून दाखवला असता तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. इथे प्रयोग माझ्या नाकासमोर झाला होता आणि निष्कर्ष मी भागीबाईच्या कपाळावर लिहिला होता.

पीठ कालवलेलं होतं, ते टाकून दिलं. शेखर टेबलावर वाट बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, चिखलाचं खोटंसुद्धा. त्यांनी पुढ्यातली रिकामी ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तू असं बोललीस तिला?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि मी भजी खात होतो."

तिला सांग, त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आजच सांगते. नऊला भागीबाई आली, मी तिच्या मागेमागे फिरले, चहा दिला, बिस्किटं दिली, आणि सांगितलं ते एवढंच की आता चिखल वाळलाय, परसात बसायला हरकत नाही. ती म्हणाली, "नको बाई, हितंच बरं हाय." मी आग्रह केला नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. वर्गात चुकलेल्या मुलीला मी सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायला लावायचे. कबूल केलं की मन हलकं होतं, असं वर सांगायचे. स्वतःवर आलं तेव्हा तोंड उघडेना.

असे दोन महिने गेले. शेखर दर चार-आठ दिवसांनी विचारायचे, सांगितलंस का? मी म्हणायचे, डांगर पिकू दे, ते तिच्या हातात देऊन सांगते, नुसतं काय सांगायचं. दिवाळीत मी तिला नेहमीपेक्षा भारी साडी दिली. तिने ती घेतली, कपाळाला लावली, आणि घडी न मोडता पिशवीत ठेवली. पायरीवर ती रोज बसायची, रस्त्याकडे पाठ करून. फुलं मी आता एकही तोडत नव्हते, पण वेल उतरणीला लागला होता. नवीन फळ काही धरलं नाही. सगळी मदार त्या एका डांगरावर.

नोव्हेंबरच्या मध्यावर डांगराचा देठ वाळला, सालीवर राखाडी झाक आली. शेखरनी ते काढून आणलं. चांगलं पाच-सहा किलोचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि मी भागीबाईला आत बोलावलं. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. भागीबाई, बस, मला तुझ्याशी बोलायचंय, अशी सुरुवात करायची होती. सुरुवात तेवढी झाली.

"मला बी बोलायचंय, बाई," ती म्हणाली. "आधी मी बोलते. परत धीर व्हायचा नाय."

ती उभीच राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटलं, काम सोडते म्हणणार.

"तुमी वणीला गेल्या व्हत्या तवा मी परसात शिरले. मागच्या फाटकानं. तुमी मना केलं व्हतं तरी. तीन दिस आले. तिसऱ्या दिशी फूल उमललं व्हतं. पाऊस लय, माशी येक नाय. मग मी दुसऱ्या फुलाची भुकटी त्याला लावली न खुणंला दोरा बांधला. बी जाईल, आईचं बी जाईल, म्हणून जीव ऱ्हाईना." ती थांबली आणि माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, "फळाला हात नाय लावला बाई. निस्ता फुलाला. माफ करा मला."

लाल दोरा. बियाण्याच्या प्लॉटवरची खूण. तो दोरा अजून डांगराच्या वाळक्या देठाला होता, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. तिच्या रोजच्या साडीच्या काठाचाच तो रंग होता आणि दोन महिने मी तो मंगलाबाईंचा समजत होते. आणि हे डांगर, जे मी तिला बक्षीस द्यावं तसं देणार होते, ते तिनेच चोरासारखं येऊन वाचवलं होतं. दोन महिने ती पायरीवर बसत होती ती माझ्यावर रागावून नाही. आपण मना केलेल्या जागी शिरलो, ते बाईंना कळलं तर काय, या धास्तीने बसत होती. मी सांगायला घाबरत होते तशीच तीही घाबरत होती. तिच्या बाजूला मात्र घाबरण्यासारखं काही नव्हतं.

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "फळं माझ्यामुळे गळत होती, भागीबाई. मी सगळी फुलं तोडत होते म्हणून. तुझा काही दोष नव्हता."

"ठावं हाय, बाई."

"कधीपासून?"

"पैल्यापासून. सांगितलं व्हतं की तुमाला. तुमी म्हणल्या, मला शिकवू नकोस."

त्यात टोमणा नव्हता. नळ गळतोय हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिने हे सांगितलं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिचे हात धरले आणि माफ कर म्हटलं, दोनदा म्हटलं. ती अवघडली. हात सोडवून घेऊन डांगराकडे गेली, त्यावर थाप मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, आता चिरा, आतलं बघू. मी विळी पुढे ओढली तशी तिने मला अडवलं. डांगराला पहिली सुरी बाईने लावायची नाही. हे मी लहानपणापासून पाळत आले आहे आणि त्या दिवशीही पाळलं. शेखरना हाक मारली. त्यांनी सुरी लावली, दोन फोडी केल्या, आणि बाहेर गेले.

आत गर्द केशरी गर आणि बियांनी गच्च भरलेला गाभा होता. भागीबाईने हात घातला आणि ओंजळभर बिया बाहेर काढल्या. मग ती रडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, तोंडावर पदर न धरता. मी बाजूला उभी होते. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर मला झाला नाही.

बिया तिने धुतल्या, राखेत चोळल्या, पेपरवर पसरून सावलीत वाळवल्या. चार दिवसांनी दोन पुड्या केल्या. एक स्वतःच्या पदराला बांधली. दुसरी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मला कशाला, तुझ्या आईचं बी आहे. तर म्हणाली, "माझ्याकडं माती कुठं हाय, बाई? लावायचं तर तुमच्याच परसात लावायचं."

ती पुडी माझ्या मसाल्याच्या कपाटात खुंटीला लटकते आहे. जून आला आहे. तेवढ्यात संजनाचा तो प्रश्न आला, आणि ग्रुपवर सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

आज चौथ्यांदा टाइप केलं ते मात्र पुसलं नाही. लिहिलं, डांगर जरूर लावा. कसं लावायचं ते भागीबाईंना विचारा, त्या सकाळी नऊला आमच्याकडे येतात. मला यातलं काही कळत नाही. मंगलाबाईंनी लगेच हसण्याची चित्रं टाकली, मॅडम गंमत करतात म्हणून.

फोन ठेवला तेव्हा एक वाजला होता. परसाचं दार नोव्हेंबरपासून मी दुपारी उघडंच ठेवते. धुण्याचा दगड रोज सकाळी मी स्वतः घासून ठेवते, आणि रोज सांगते की भागीबाई, मागे बस. ती बरं म्हणते. आजही म्हणाली. मग फडकं उचललं आणि नेहमीसारखी पुढच्या पायरीवर जाऊन बसली, पाठ रस्त्याकडे करून.